महापालिकेची शाळा आणि आम्ही आईबाप

(नांदेड येथे पालकांच्या सभेत झालेले भाषण)



आजचा दिवस बाजाराचा आहे हे आम्हांस ठाऊक आहे. कुणी हातगाडी भावाच्या हवाली करून आला आहे, कुणी बाई बांधकामावरची अर्धी मजुरी सोडून आली आहे, आणि लातूरची मंडळी तर पहाटेच्या एस.टी.ने निघाली. तेव्हा हारतुऱ्यांत आणि पाहुण्यांच्या स्तुतीत तुमचा वेळ आम्ही घालविणार नाही. काम एकच आहे, ते म्हणजे आपल्या पोरांची शाळा.

आधी आमच्या घरची गोष्ट सांगतो. एकदा पावसाळ्यात आमचे पोर शाळेतून एक जाड वही घेऊन आले. म्हणाले, सरांनी आईची सही आणायला सांगितली आहे. आईने विचारले, कशाची रे? तर म्हणे, मीटिंगची. मीटिंग कधी झाली, कुठे झाली, कुणास पत्ता नाही. तिने पिठाचा हात पदराला पुसला आणि सही केली. पुढे शेजारच्या शिकलेल्या मुलीने ती पाने वाचून दाखविली तेव्हा कळले की ती शाळा व्यवस्थापन समितीची वही होती, आणि पोराची आई दीड वर्षापासून त्या समितीची सभासद होती! जिला आपण सभासद आहोत हेच ठाऊक नाही, तिच्या सहीने शौचालयाच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर झाला होता. आणि ते शौचालय तर कुलूपबंद होते. शाळेचे नाव आम्ही घेत नाही. इथे बसलेल्या बाया एकमेकींकडे पाहून हसत आहेत, त्यावरून ही वही पुष्कळ घरी फिरून आलेली दिसते.

हा दोष शाळेचा की आमचा? दोघांचा. शाळेचा दोष सांगावयास शंभर तोंडे आहेत, म्हणून आम्ही आपला आधी सांगतो.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शिक्षण फुकट, एवढे सर्वांस ठाऊक असते. पण त्यातले एकविसावे कलम आपल्यापैकी किती जणांनी कुणाकडून वाचवून घेतले? ते असे सांगते की महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या व अनुदानित शाळेत एक व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्या चार सभासदांत तीन पालक पाहिजेत, आणि सभासदांत निम्म्या स्त्रिया पाहिजेत. मागासलेल्या व दुर्बळ घरांस त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या महाराष्ट्रात तिचा अध्यक्ष पालकांतलाच असतो व हेडमास्तर चिटणीस असतात. शाळेच्या कामावर नजर ठेवणे, आलेल्या पैशाचा हिशेब पाहणे आणि शाळेस काय काय पाहिजे याचा आराखडा करणे ही तिची कामे. बाविसावे कलम तर म्हणते की सरकारने व महापालिकेने शाळेस पैसा द्यावयाचा तो या आराखड्याच्या आधारावर. ज्यांच्या बापाला कचेरीत कुणी बस म्हटले नाही, त्यांस कायद्याने खुर्ची दिली. आणि आम्ही ती रिकामी ठेवून वही घरी मागविली!

ही खुर्ची सुखासुखी मिळाली असे समजू नका. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी लेखी सांगितले की सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि तिच्यातला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो. तेव्हा प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा, शेतकऱ्यांतले मास्तर तयार करा, व मास्तरास बारा रुपयांहून कमी पगार देऊ नका. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या बापास महिना एक रुपया दंड लावला. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या अमलात होता. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. मराठी घरचे पोर जिना चढू लागले की वरच्या मजल्यावर भाषाच निराळी! १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. म्हणजे कोल्हापूरच्या रयतेच्या मागे आपण तीस वर्षे होतो, आणि ती तीस वर्षे अजून भरून निघाली नाहीत असे आमचे मत आहे. जाता जाता एक सांगतो. देगलूर नाक्याकडच्या उर्दू शाळांतल्या माता आज इथे आल्या आहेत. त्यांच्या मुलांसही गणिताचा मास्तर पाहिजे, आणि आपल्या मुलांसही. जुन्या काळी जी भाषेची अडचण आपण सोसली, ती दुसऱ्याच्या पोरावर आलेली पाहून खूश होणारा मनुष्य या सभेत नसावा.

आता लातूरकडे वळू. ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रात कुणास ठाऊक नाही? तेथील राजर्षी शाहू महाविद्यालयाने ते गाजविले. अकरावी-बारावीची पोरे कोनाकोपऱ्यातून लातुरास व नांदेडास येऊन राहतात आणि शिकवण्यांच्या पाट्यांनी भिंती झाकून गेल्या आहेत. सोयाबीनची पट्टी हातात पडली की शेतकरी ती तशीच शिकवणीवाल्याच्या टेबलावर ठेवतो. पोर डॉक्टर व्हावे म्हणून बाप कर्ज काढतो, त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. पण त्याच शहरात गवंड्याचे पोर चौथीत जोडाक्षराशी अडखळते. शेंड्याला पाणी आणि बुंधा कोरडा, अशी ही बागाईत! ज्याचा पाया पहिली-दुसरीतच कच्चा राहिला, त्याने बारावीच्या शिकवणीस कितीही पैसे ओतले तरी काय होणार?

तुम्ही म्हणाल, म्हणूनच तर आम्ही पोरास इंग्रजी शाळेत घालतो. आम्हीही घातले होते. कबूल करतो. टाय होता, बूट होते, दारावर इंग्रजी पाटी होती. आत दोन खोल्या आणि बारावी झालेली एक गरीब मुलगी, जिला पगार वेळेवर मिळत नव्हता. दोन वर्षांनी पोरास इंग्रजी कविता तोंडपाठ होती, पण तिच्यातला एक शब्द त्यास वाचता येत नव्हता, आणि मराठी तर त्याने शिकलेच नव्हते. फी थकली तेव्हा दाखला अडवून ठेवला. शेवटी पोर महापालिकेच्या शाळेत आले. तेथे आम्ही मान खाली घालून गेलो, जणू काही अन्नछत्राच्या रांगेत उभे आहोत. आमची मोठी चूक ती. घरपट्टी आम्ही भरतो. भाड्याने राहणाऱ्याच्या भाड्यातून ती निघते. आगपेटी घेतली तरी त्यात कर असतो. ही शाळा आपल्याच पैशावर चालते, मग तिच्या दारात शरमून उभे राहण्याचे कारण काय?

याच संबंधात २०२४ सालची हकीकत लक्षात घेण्यासारखी आहे. खासगी विनाअनुदानित शाळांनी गरिबांच्या मुलांसाठी शेकडा पंचवीस जागा ठेवाव्यात असा कायदा आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर हे बंधन नाही. पालक व संघटना मुंबईच्या उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात नियमास स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने तो रद्द केला. पालक उठले तर काय होते, याचा हा दाखला. आम्हांसही आनंद झाला. पण त्या गडबडीत एक प्रश्न तसाच राहिला. ‘शेजारच्या सरकारी शाळेत जा’ एवढेच सरकार म्हणाले, तर आपल्या अंगावर काटा का आला? शेजारची शाळा तर आपलीच! पंचवीस जागांत ज्यांचा नंबर लागला नाही, ती पोरे तिथेच बसली आहेत, आणि संख्येने तीच जास्त आहेत.

महापालिकेची शाळा म्हणजे वाईटच, असा काही ब्रह्मलेख नाही. कोल्हापुरास जरगनगरात महापालिकेचे जरग विद्यामंदिर आहे. तेथे गुढीपाडव्यास प्रवेश देतात आणि आईबाप आदल्या रात्रीपासून रांग लावतात. आपल्याकडे रात्रभर रांग लागते ती पाण्यासाठी. लातूरकरांस तर २०१६ सालची आठवण द्यावयास नको. मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. पाणी आले नाही तर आपण हंडे घेऊन कचेरीवर जातो. इकडे नांदेडात २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीस रस्ते रुंद झाले, पूल झाले, कारण तेव्हा त्या कामावर साऱ्या देशाचे डोळे होते. शाळेवर कुणाचे डोळे आहेत? २०१५ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने सांगून पाहिले की सरकारी पगार घेणाऱ्यांनी व लोकप्रतिनिधींनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत. त्याची अंमलबजावणी झाली नाही. साहेबांचे पोर त्या बाकावर बसेपर्यंत थांबावयाचे, तर आपली पोरे म्हातारी होतील.

आता मास्तरांविषयी. पालकांच्या सभेत मास्तरास शिव्या दिल्या की टाळी मिळते, हे आम्हांस ठाऊक आहे. ती टाळी आम्हांस नको. सत्ताविसावे कलम म्हणते की जनगणना, आपत्तीचे काम आणि निवडणूक एवढे सोडून मास्तरास दुसऱ्या कामास जुंपू नये. प्रत्यक्षात मास्तर माहिती भरण्यात आणि अहवाल पाठविण्यात दिवस घालवितो. साठ पोरांपर्यंत दोन मास्तर, नव्वदांपर्यंत तीन, एकशेवीसपर्यंत चार, हे पहिली ते पाचवीचे प्रमाण कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे. सहावीपासून पुढे पस्तीस पोरांमागे एक, आणि विज्ञान-गणितास, भाषेस व समाजशास्त्रास निदान एकेक मास्तर पाहिजे. मंजूर जागांपैकी शेकडा दहाहून अधिक रिकाम्या ठेवू नयेत हेही लिहिले आहे. आपल्या शाळेत पोरे किती, मास्तर किती, हे बोटांवर मोजावयास पदवी लागत नाही. जो मास्तर चार वर्ग एकटा ओढतो, त्याच्या बाजूने आपण अर्ज केला पाहिजे. तो स्वतः बोलू शकत नाही, बदलीचे भय असते. आपली बदली कोण करणार?

वहीची गोष्ट अर्धी राहिली, ती पुरी करतो. त्या शाळेत सहावीतली एक मुलगी सकाळपासून सुटीपर्यंत पाणी पीत नसे. कारण विचारले तर बोलेना. शेवटी आईजवळ बोलली: शौचालयास कुलूप, आत पाणी नाही, जायचे कुठे? तिला मूत्राचा विकार झाला आणि ती पंधरा दिवस घरी राहिली. एवढे कळल्यावर अकरा माता एकदम समितीच्या बैठकीस गेल्या. पुरुष चार होते, आम्ही त्यात. हेडमास्तर प्रथम चमकले, मग म्हणाले, बरे झाले आलात, मी एकटा लिहून लिहून थकलो. किल्ली त्याच दिवशी मिळाली. पाण्याच्या जोडणीचा व गणिताच्या मास्तरांचा असे दोन ठराव त्या वहीत लिहिले, वाचून दाखविले आणि मग सह्या झाल्या. ठरावाची प्रत अर्जास जोडून महापालिकेच्या कचेरीत दिली आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला. हा शिक्का विसरू नका. त्याच्यावाचून अर्ज म्हणजे वाऱ्यावरची वरात. बत्तिसाव्या कलमाप्रमाणे अशा तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे, न लागल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येते. पैसा किती आला व कुठे गेला हे पाहण्यास २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत.

पाणी दोन महिन्यांत आले. गणिताचा मास्तर अजून आलेला नाही. एक मास्तर दोन शाळांत आठवड्याचे तीन-तीन दिवस येतात, एवढ्यावर बोळवण झाली आहे, आणि ती आम्हांस मान्य नाही. दुसरा अर्ज गेला आहे. ती मुलगी मात्र शाळेत येते आणि पाण्याची बाटली भरून आणते.

मघाशी लातूरच्या एका बाईंनी विचारले की आमच्या शाळेत समिती आहे की नाही हेच ठाऊक नाही, तर अर्ज कुणाच्या नावे करावा? तो हेडमास्तरांच्या नावे करावा. समितीच्या सभासदांची नावे आणि मागील बारा बैठकांच्या ठरावांच्या नकला मागाव्यात. बैठक दर महिन्यास व्हावयाची असते, तेव्हा बाराच निघाल्या पाहिजेत. कमी निघाल्या तर तेही कळेल. कागद व शाई या टेबलावर आहे, आणि ज्यांस लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आमच्या सोबत आलेली कॉलेजातली चार मुले बसली आहेत. बाईंचा अर्ज पहिला लिहू. सांगा बाई, शाळा कोणत्या मोहल्ल्यातली?