भाऊ वाहक असला तरी चालतो

धानाची रोवणी सुरू झाली की गोंदिया जिल्ह्यातल्या सिकलसेलच्या पोरांचे हाल वाढतात. पावसात भिजलं, गारठा लागला, की रात्री हातपाय ठणकतात. देवरी-सालेकशाकडच्या आयांना हे सांगायला नको. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने दुखणं आवरतं. आजार मुळापासून काढायचा तर मूळपेशींचं रोपण, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट. तिथे पहिला प्रश्न येतो तो दात्याचा.

पहिली पसंती सख्ख्या भावंडाला. जुळणी ठरवणारे एचएलए घटक निम्मे आईकडून, निम्मे वडिलांकडून येतात. त्यामुळे एखादं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता 4 मध्ये 1. आईवडील दोघंही एएस, म्हणजे वाहक, असतील तर ते भावंड स्वतःच एसएस, म्हणजे आजारी, निघण्याची शक्यताही 4 मध्ये 1. म्हणजे जुळणारं आणि आजार नसलेलं भावंड 16 मध्ये 3.

म्हणूनच एक गैरसमज मला फार खुपतो. ‘धाकट्याचा रिपोर्ट एएस आला, तो काय कामाचा?’ असं म्हणून घरचे त्याची जुळणीच तपासत नाहीत. अहो, वाहकाची मज्जा चालते! 1984 साली मेम्फिसच्या डॉक्टरांनी 8 वर्षांच्या एका मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिला रक्ताचा कर्करोग होता आणि सिकलसेलही. दाता होता तिचा 4 वर्षांचा भाऊ, स्वतः वाहक. रोपणानंतर तिचा सिकलसेलही गेला.

रक्तगट वेगळा असला म्हणून अडत नाही. वयाने फरक पडतो, तरुण दाता बरा. बाळंतपणं झालेल्या बहिणीच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा धोका थोडा अधिक. पण जुळणारी ती एकटीच असेल तर तिला नाकारू नये. कुणीच पूर्ण जुळलं नाही तर अर्धे जुळणारे आईवडीलही देऊ शकतात, मात्र गुंतागुंत वाढते.

जुळत्या भावंडाकडून 1986 ते 2013 दरम्यान रोपण झालेल्या 1000 रुग्णांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास आहे. 5 वर्षांनी सुमारे 93 टक्के हयात होते, आणि लहान वयात रोपण झालेल्यांचे निकाल अधिक चांगले होते.

दात्याला भूल देतात, कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतात. दिसायला ती रक्तासारखीच, आणि रुग्णाला शिरेतूनच चढवतात. दात्याची कंबर काही दिवस दुखते. मज्जा काही आठवड्यांत भरून येते. तेव्हा मुलाचं निदान झालं असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, भावंडांची एचएलए तपासणी कधी करायची? एएस असलेल्यांचीसुद्धा.