गोपाळबाबा वलंगकर : एका पेन्शनर हवालदाराची लढाई



काळाराम मंदिराचा सत्याग्रह, २ मार्च १९३० हा दिवस आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे नाव आपल्या नाशिकमध्ये लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या सत्याग्रहाच्या चाळीस वर्षे आधी कोकणात एका निवृत्त हवालदाराने लेखणी हाती घेतली होती, हे किती जणांना माहीत आहे? शाळेच्या पुस्तकात आम्हाला तरी गोपाळबाबा वलंगकर कधी भेटले नाहीत. म्हणून आज त्यांच्याविषयी बोलायचे ठरविले आहे.

गोपाळबाबा महाडजवळच्या रावढळचे. पलटणीत हवालदार झाले, १८८६ साली पेन्शनीत निघाले आणि दापोलीला येऊन राहिले. त्या काळी आपल्या समाजाच्या पेन्शनर मंडळींची दापोली कॅम्पात वस्ती होती. गावकीच्या कामात जन्म गेलेल्या माणसापेक्षा ही माणसे वेगळी होती. पलटणीत रोख पगार होता. भाकरीसाठी दारोदार हाळी द्यावी लागत नव्हती. अंगावर गणवेश होता, नावापुढे हुद्दा होता आणि मुख्य म्हणजे शाळा होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेतच मुख्याध्यापक होते. गावच्या शाळेत आपल्या मुलाला उंबऱ्याबाहेर बसवीत, त्या दिवसांत पुष्कळ घरांत अक्षर शिरले ते पलटणीच्या वाटेने. आमच्या मते कोरेगावच्या स्तंभाइतकेच या शाळेचे मोल आहे. पण स्तंभापुढे आपण हजारोंनी जमतो, शाळेची आठवण कोणी काढत नाही.

पेन्शन घेऊन घरी स्वस्थ बसणे काही अवघड नव्हते. गोपाळबाबांवर महात्मा फुल्यांच्या विचारांचा प्रभाव होता. ते ‘दीनबंधु’ पत्रात लिहू लागले. १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढून त्यांनी विटाळाच्या कल्पनेलाच हात घातला. पुढे दापोलीत अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली.

इतक्यात सरकारने आपले धोरण फिरविले. अमुक जाती लढवय्या आणि अमुक नाहीत, असा सिद्धांत लष्करात बोकाळला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरेगावच्या स्तंभावर आहेत. त्यांत ‘नाक’ शेवटी असलेली २२ नावे आहेत. दगडावर नावे तशीच राहिली, भरती मात्र बंद! १८९४ साली गोपाळबाबांनी सरसेनापतींच्या नावे अर्ज तयार केला. आमच्या लोकांना पुन्हा पलटणीत घ्या, ही त्याची मागणी. विद्यार्थी मित्रांनो, यात त्यांना स्वतःला काय मिळणार होते? त्यांची नोकरी झाली होती, पेन्शन चालू होती. ते मागत होते पुढच्या पोरांसाठी.

पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, सरकारने त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले. उच्चवर्णीय सभासदांना हे रुचले नाही, वर्तमानपत्रांतून वाद माजला. हुकूम सरकारचा होता, तरी शेजारी बसायला माणसे तयार नव्हती. आम्ही बँकेत कारकुनी करतो, त्यामुळे हे लगेच समजते. एका कचेरीत आमच्या परिचयाच्या एका बंधूची राखीव जागेवर नेमणूक झाली. टेबल मिळाले, खुर्ची मिळाली. वर्षभर त्याच्या हाती जावक टपालाच्या नोंदवहीखेरीज काम आले नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा उघडला की बाजूच्या मंडळींना नेमके बाहेर काम निघे. कोणी वावगा शब्द बोलले नाही. तक्रार तरी कशाची करणार? नोकरीत घेणे एक आणि आपल्यात घेणे दुसरे. अर्ज करता येतो तो पहिल्यासाठी.

१९०० साली गोपाळबाबा गेले. भरतीची मागणी मात्र थांबली नाही. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा सरकारपुढे मांडली. पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली तेव्हा, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली, १९२१ मध्ये ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची स्थापना झाली.

या रेजिमेंटची दारे पुढे सर्व जातींना आणि प्रांतांना उघडी झाली. जनरल कृष्ण राव आणि जनरल सुंदरजी हे दोन सरसेनापती तिच्यातलेच. १९८७ साली श्रीलंकेत धारातीर्थी पडून परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन हेही आठव्या महार पलटणीचे. ज्यांना एकेकाळी भरतीच्या रांगेतून परत पाठविले, त्यांच्या नावाच्या पलटणीने कोणाची जात विचारली नाही.

आता एक काम सुचवितो. देवळालीची छावणी आपल्याला जवळ आहे आणि आपल्या वस्त्यांतही निवृत्त जवान आहेत. पलटणीत आणि नंतरच्या नोकरीत त्यांना कसे वागविले गेले, हे विद्यार्थ्यांनी त्यांच्याजवळ बसून वहीत उतरवून घ्यावे. पुढच्या स्मरणिकेत त्यासाठी चार पाने राखून ठेवावीत, अशी कार्यकारिणीला आमची विनंती आहे.

जयभीम!