चढ, उतार आणि कुटुंबाचें वाहन

यवतमाळ हें पठारावरील गांव. भोंवतालचे पुष्कळ रस्ते चढउताराचे. येथें मुलें व सामान नेण्यास सायकलीमागें जोडगाडी लावावी, कीं विजेची मालवाहू सायकल घ्यावी?

जोडगाडी स्वस्त, काम सरतांच ती सोडून ठेवतां येते. परंतु एकूण 150 किलो भार 50 मीटर उंच चढविण्यास 100 वॅट शक्तीनें पाय मारणाऱ्यास निदान 12 मिनिटें लागतात. 250 वॅटची मोटर साह्यास आली, तर तेंच काम साडेतीन मिनिटांत होतें. आणि तासभर चालूनही ती सुमारें पाव युनिटच वीज खाते. मात्र ही सायकल महाग, व तिची बॅटरी वैशाखाच्या उन्हापासून जपावी लागते.

तथापि खरी परीक्षा उतारावर होते. भरलेली बैलगाडी उतारावर बैलांच्या मानेवर येते, हें शेतकरी जाणतोच. स्वतःचा ब्रेक नसलेली जोडगाडीही सायकलीस तशीच पुढें रेटते, आणि तींत मूल बसलेलें असतें.

म्हणून सपाट वस्तींत राहणाऱ्यानें जोडगाडी खुशाल घ्यावी. उताराच्या वाटेनें मूल नेणाऱ्यानें मात्र, वाहन कोणतेंही असो, किंमतीआधीं ब्रेक पाहावा.