कोवळ्या वयातला वेग
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मार्गशीर्षाच्या अखेरीस आपल्या मुदखेडकडची हौशी मंडळी नांदेडवरून लोह्याच्या पुढे माळेगावला जातात. खंडोबाचे दर्शन झाले की पावले घोडेबाजाराकडे वळतात. तिथे दोन वर्षांचे एखादे शिंगरू असे काही उधळते, की पाहणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. तीन वर्षांनी तोच घोडा चारचौघांसारखा निघतो. घेणारा म्हणतो, फसवले. विकणारा म्हणतो, सांभाळता आले नाही. बहुतेक वेळा दोघांचेही म्हणणे अपुरे असते.

जाणकारांचाही अंदाज असाच चुकतो. अमेरिकेत २००६ साली 'द ग्रीन मंकी' नावाचा दोन वर्षांचा घोडा १ कोटी ६० लाख डॉलरला विकला गेला. लिलावापूर्वीच्या चाचणीत त्याने एक फर्लांग, म्हणजे सुमारे २०० मीटर, दहा सेकंदांच्या आत पार केला होता. पुढे तो जेमतेम तीन शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही.

असे का होते? पहिले कारण वयाच्या हिशेबात आहे. आपल्याकडे शर्यतीच्या घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजतात. जानेवारीत जन्मलेला आणि एप्रिलमध्ये जन्मलेला, दोघे कागदावर एकाच वयाचे. कोवळ्या वयात तीन महिन्यांचे अंतर फार मोठे असते. त्यातही काही घोडी लवकर भरतात, काही उशिरा. आठवीच्या वर्गात ज्याला आधी मिसरूड फुटते, तो शाळेच्या खेळांत सगळ्यांना मागे टाकतो. दहावीपर्यंत बाकीची मुलेही उंच होतात. त्या पहिल्या मुलाचे बळ कमी झालेले नसते, इतरांनी त्याला गाठलेले असते. घोड्याचेही तसेच आहे. लवकर दिसलेला वेग कधी खरा गुण असतो, तर कधी फक्त लवकर आलेली वाढ असते. त्या वयात दोन्ही सारखेच दिसतात.

दुसरे कारण अंतराचे. छोट्या पल्ल्यात भरदार पुठ्ठ्याचा घोडा चमकतो. पुढे पल्ला वाढतो. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर इंडियन टू थाउजंड गिनीज १६०० मीटरची असते, तर इंडियन डर्बी २४०० मीटरची. तिथे नुसते पुठ्ठे पुरत नाहीत, दम लागतो. डब्लिनच्या विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली मायोस्टॅटिन नावाच्या जनुकाचा आणि घोड्याला मानवणाऱ्या अंतराचा संबंध दाखवून दिला. म्हणजे छोट्या पल्ल्याचा राजा लांब पल्ल्यात मागे पडला, तर त्याला आळशी ठरवण्याचे कारण नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, कारण ते आपल्या हातात आहे. घोड्याचे पुढचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडू लागतात आणि पाचव्या वर्षी तोंड जुळते. मणक्यांची वाढ तर त्याही वयापर्यंत चालू असते. म्हणजे ज्या वयात आपण त्याच्याकडून पूर्ण वेग मागतो, त्या वयात त्याचा सांगाडा अजून तयार होत असतो. पुढच्या पायांच्या नळ्या दुखतात, गुडघ्याच्या सांध्यात हाडाचे कण सुटतात. 'अराझी' या घोड्याने १९९१ साली दोन वर्षांचा असताना अमेरिकेत सर्वांना थक्क केले. त्याच वर्षी त्याच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली. १९९२ च्या केंटकी डर्बीत सर्वांचा पैसा त्याच्यावर होता आणि तो आठवा आला.

याचा अर्थ शिंगराला बांधून ठेवावे, असा नाही. हाडाला बेताचा ताण मिळाला तरच ते बळकट होते. बांधून ठेवलेल्याचे हाड कच्चे राहते आणि बेफाम पळवलेल्याचे मोडते. हिशेब मधल्या वाटेचा आहे.

आणखी एक गोष्ट. हँडिकॅपच्या शर्यतींत जिंकणाऱ्याच्या पाठीवर पुढच्या वेळी जास्त वजन येते आणि समोर वरच्या वर्गातले घोडे येतात. आपण म्हणतो घोडा उतरला. प्रत्यक्षात तो तेवढाच पळत असतो, त्याची परीक्षा कठीण झालेली असते.

माळेगावचा घोडा शर्यतीचा थरोब्रेड नव्हे, हे खरे. पण हाडे वाढण्याची रीत तीच आहे. म्हणून शिंगरू घेताना त्याचा आजचा वेग पाहून भुलू नका. त्याची आई आणि वळू पाच-सहा वर्षांचे असताना कसे होते, ते विचारा. दात पाहा, गुडघ्यावर हात फिरवून सूज किंवा ऊब लागते का ते बघा. जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. घरी आणल्यावर जड माणूस पाठीवर बसवण्याची आणि डांबरी रस्त्यावर पळवण्याची घाई करू नका.

आणि चांगला पळणारा घोडा अचानक मागे पडू लागला, तर चाबूक उचलण्याआधी त्याचे पाय तपासा. धाप किती वेळ टिकते, श्वासाला घरघर आहे का, पळून आल्यावर नाकातून रक्त दिसते का, हे पाहा. मुके जनावर दुखते म्हणून सांगत नाही. त्याचे मागे पडणे हेच त्याचे सांगणे असते. ते आपण हट्टीपणा समजलो, तर पैसे जातातच, पण धडधाकट होऊ शकणारा घोडा जन्माचा लंगडा होतो.