भर दुपारी चढणारा दाब



कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. वर्धेकाठच्या या गावासारख्या आपल्या वऱ्हाडातल्या गावांत आता छपरांवर सौर पॅनेल दिसू लागली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची सूर्यघर योजना आली. ३ किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पॅनेल आली, खांबावरची तार मात्र पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली. मग कुणी विचारतो, "मास्तर, ऊन तर चांगलं हाये, मंग इन्व्हर्टर काऊन बंद पडलं?"

उत्तर तारेत आहे. वीज रोहित्राकडून घराकडे येताना वाटेत दाब झिजतो, म्हणून रोहित्रापाशी तो मुद्दाम चढा ठेवतात. भार नसताना रोहित्र ४३३ व्होल्ट देते, म्हणजे एका फेजवर २५०. घरी पाहिजेत २३०. संध्याकाळी दिवे लागले की हिशेब जुळतो. दुपारी मात्र माणसे शेतात, घरे बंद, अन् पॅनेल भरात! वीज उलटी, रोहित्राकडे निघते. पाणी जिथून वाहते तिथली पातळी उंच हवी, विजेचेही तसेच.

शिक्षकबंधूंनी हे फळ्यावर मांडावे. ३ किलोवॅट म्हणजे सुमारे १३ अँपिअर. जाण्यायेण्याच्या तारेचा रोध अर्धा ओहम धरला, तर दाब साडेसहा व्होल्ट चढतो. टोकाला एकाच फेजवर अशी तीन घरे असली, तर साडेएकोणीस. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे दाब २५३ च्या पुढे गेला, की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत तारेपासून सुटायचे असते. तेव्हा ते बिघडलेले नसते. पण रोहित्राजवळच्याचे युनिट मोजले जातात आणि कर्ज काढून तेवढीच पॅनेल बसवणाऱ्या टोकाच्या घराचे बुडतात, हे मला न्यायाचे वाटत नाही.

रोहित्राचा दाबच उतरवा म्हणाल, तर संध्याकाळी टोकाचे दिवे मंद होतील. कुणी कारागिराकडून इन्व्हर्टरची मर्यादा वाढवून घेतो. ते करू नका, शेजाऱ्याचे पंखे-दिवे जळतात. घरची चक्की, पाण्याची मोटर दुपारी चालवली तर थोडा उतार पडतो. शेतपंपांचा भरवसा धरू नये, त्यांची वाहिनी बहुधा वेगळी असते. खरा उपाय म्हणजे घरांची तिन्ही फेजवर सारखी वाटणी. त्याला खर्च फारसा नाही. तेवढ्याने भागले नाही, तर जाड तार किंवा वस्तीजवळ दुसरे रोहित्र.

मागणी तोंडी करू नका. दुपारी १२ ते २ मध्ये इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा आकडा आठवडाभर वहीत टिपा, रात्री ८ चा मीटरवरून घ्या, आणि तो कागद महावितरणकडच्या अर्जाला जोडा. आकडे टिपायला सातवीची मुलेही पुरतील.