शेड्यूल मागा

पदवीधर मित्रांनो,



नोकरीतलं माझं पहिलं काम पीक कापणी प्रयोगाचं, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाचा अंदाज काढण्याचं. यादृच्छिक आकड्यांवरून जागा ठरवायची, शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून मोजत तिथे पोचायचं, खुंट्या ठोकून दोरी ताणायची आणि आतलं पीक कापून, मळून तोलायचं. दोरी विरळ पिकात पडली की आमचे एक साहेब अस्वस्थ व्हायचे. ‘जरा सरकवा की अलीकडे!’ त्या ‘अलीकडे’वरून मी त्यांच्याशी भांडलो आणि वर्षभर माझी फिरतीची बिलं अडकून पडली. असो.

दोरीवरच उभं असलेलं ज्वारीचं ताट आत धरायचं की बाहेर? हसू नका. तुकडा फार लहान असला की काठावरची ताटं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगतं, असं साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे बजावत होते. लहान तुकड्यांचा आग्रह धरणारे होते साक्षात महालनोबिस. दोन दिग्गज भांडले ते अशा काठावरून.

म्हणून तुम्हाला एकच सांगणं आहे. आकडा हातात आला की आधी त्याचं शेड्यूल, म्हणजे प्रश्नावली, मागा. प्रश्न काय होता, कुणाला विचारला, किती दिवसांचं आठवायला सांगितलं? १९९९-२००० च्या देशभरच्या घरखर्चाच्या पाहणीत धान्य-भाजीचा खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा शेजारी-शेजारी विचारला. माणूस एका उत्तराला दुसरं जुळवून घेतो. मग देशातली गरिबी खरंच किती घटली, यावर अर्थतज्ज्ञ वर्षानुवर्षं वाद घालत बसले. दारोदार प्रश्न विचारणाऱ्या आमच्यातल्या कुठल्याही अन्वेषकाला विचारलं असतं, तरी उत्तरं अशी जुळवली जातात हे त्याने आधीच सांगितलं असतं. पण अन्वेषकाला विचारतो कोण? आता तर तो बऱ्याचदा कंत्राटी असतो. काम अंगवळणी पडेपर्यंत त्याची मुदत संपते.

बायकांच्या कामाचंही तेच. ‘मंडळी काय करतात?’ ‘काही नाही, घरीच असते.’ हे ओसरीवर चाललेलं असताना ती बाई मागे गोठ्यात शेण काढत असायची, सकाळी भांगलण करून आलेली. १९९१ च्या जनगणनेत ‘शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी काम धरून’ असे शब्द प्रश्नातच घातले, तेव्हा कुठे तिच्या कामाबद्दल विचारायची सोय झाली. तरी उत्तर नवराच द्यायचा.

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन आहे १ मार्च २०२७, आणि स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांत प्रथमच सगळ्या जातींची नोंद व्हायची आहे. तुमच्यातले काही जण ते आकडे वापरून पीएचडी करतील. करा. पण त्याआधी प्रगणक तुमच्या दाराशी येईल, तेव्हा वडिलांना थांबवा आणि आईला बाहेर बोलवा. तिची उत्तरं तिलाच देऊ द्या.