साथीचा ताल पुढे येतो




वरातीत बेंजो पार्टी येते.
ढोलकीशेजारी ऑक्टोपॅड असतो.
काठी पडली, की त्यातून कधी हलगी निघते, कधी टाळी.
चाल मात्र बेंजोची.
ताल साथीला.

आज ऐकू या, ताल पुढे आणणाऱ्यांविषयी.

कर्ष काळे.
जन्म इंग्लंडमधला, 1974 सालचा.
वाढले अमेरिकेत, न्यूयॉर्ककडे.
घर मराठी.
रॉकचे ड्रम वाजवतात, आणि तबलाही.
त्यांनी तबल्याचा आवाज यंत्रातून फिरवला.
थाप एकच पडते,
पण तिचे पडसाद उमटत राहतात.
डग्ग्याची घुमक लांबते, खोल जाते.
हा इलेक्ट्रिक तबला.

2000 साली 'ताल मॅट्रिक्स' हा अल्बम आला.
गटाचं नाव, तबला बीट सायन्स.
त्यात माहीमचे उस्ताद झाकीर हुसेन होते.
शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू होते.
कर्ष काळे होते.
बेस गिटारवर बिल लासवेल.
प्रत्येकाचं मुख्य काम वेगळं.
हा हौसेचा जोडधंदा म्हणा ना!

इथं गायक पुढे नाही.
ताल पुढे आहे.

जुन्या जाणकारांपैकी काहींना यंत्राची ही लुडबुड खपत नाही.
मला खपते.
तिरकिट स्वच्छ ऐकू येतं, तोवर तक्रार नाही.

पुढच्याच वर्षी, 2001 साली, कर्ष काळे यांचा स्वतःचा 'रियलाइज' आला.

दोन्ही जरूर ऐका.
मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर मात्र नको.
त्यावर डग्गा हरवतो.
हेडफोन लावा, आणि मग ऐका.